बाथरूम फोडायचं म्हणता, पण हिशेब धरलाय का?

सावेडी, केडगाव, बोल्हेगाव या नगरच्या उपनगरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अपार्टमेंट उभी राहिली, तेव्हा बाथरूमचा फारसा विचार कुणी करत नसे. लोखंडी जीआय पाइप, कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, खाली खडबडीत फरशी, कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, झालं काम. त्या बाथरूमांचं आयुष्य आता सरत आलंय. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसते, गिलाव्याचे पोपडे हाताला येतात, पलीकडच्या खोलीतल्या कपाटाला कुबट वास येतो. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून सांगतात, "आमच्या छताला डाग पडलाय, जरा येऊन बघता का?"

तिथून घरात विषय निघतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज विचारलं तर उत्तर मिळतं, "चाळीस हजारांत होऊन जाईल." मेहुणे म्हणतात, "आमचे दोन लाख गेले." शेजारी सांगतात, "लाखात बसवलं, पण सहा महिन्यांत परत गळायला लागलं." गंमत म्हणजे तिघंही खरंच बोलत असतात. बाथरूमचं नूतनीकरण या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कामं येतात आणि प्रत्येक जण आपल्या कामाचा आकडा सांगत असतो.

नगर शहर आणि तालुक्याच्या गावांतले साधारण भाव धरले, तर फक्त वरवरचं काम, म्हणजे जुने नळ, कमोड, बेसिन, दार बदलणं, टाइल्सच्या सांधी नव्याने भरणं आणि रंग देणं, पंचवीस ते पंचेचाळीस हजारांत उरकतं. बाथरूम पूर्ण फोडून, पाइपांपासून नवं करायचं, तर एक ते दीड लाखाची तयारी हवी. भिंतीवर टांगलेला कमोड, भिंतीत दडवलेली फ्लशची टाकी, काचेचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग, चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्स असा थाट हवा असेल तर सव्वादोन लाखांपासून मीटर सुरू होतो. तो चार लाखांच्या पुढेही जातो.

बहुतेक घरांचा प्रश्न मधल्या कामाचा असतो, म्हणून त्याचाच हिशेब नीट मांडून पाहायला हवा. समजा, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं सात बाय पाच फुटांचं बाथरूम आहे. चारही भिंतींची लांबी २४ फूट. सात फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या आणि दाराची जागा वजा करायची, तर भिंतींचं क्षेत्रफळ साधारण १५० चौरस फूट भरतं. जमिनीचे ३५ चौरस फूट. एकूण १८५. कापाकापीत वाया जाणाऱ्या टाइल्स धरून दहा टक्के वाढवले की २०५ चौरस फुटांची खरेदी. चौरस फुटाला ४५ रुपयांची बरी टाइल घेतली तर सव्वानऊ हजार होतात.

टाइल्सचा खर्च एवढाच! घरातली मंडळी चार रविवार शोरूममध्ये घालवतात, मोबाइलवर फोटो फिरवतात, करडी की मोरपंखी यावर वाद घालतात, आणि ती वस्तू एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून कमी असते. बाकीचे पैसे कुठे जातात ते पाहा. जुन्या टाइल्स, कोबा, गिलावा फोडून राडारोडा खाली उतरवणं आणि ट्रॅक्टरने नेऊन टाकणं, आठ हजार. नवे सीपीव्हीसी आणि एसडब्ल्यूआर पाइप, जोडसामान आणि प्लंबरची मजुरी मिळून एकोणीस हजार. वॉटरप्रूफिंग आठ हजार. भिंतींचा नवा गिलावा सहा हजार. टाइल्स लावण्याची मजुरी चौरस फुटाला ४० रुपयांनी ७,४०० आणि त्यासाठी लागणारं सिमेंट, क्रश सँड, चिकटवण्याचं केमिकल, सांधी भरायचं ग्राउट यांचे सहा हजार. कमोड आठ हजार, बेसिन अडीच हजार, नळ-शॉवर-डायव्हर्टर बारा हजार. गीझर साडेआठ हजार, चौकटीसह दार सात हजार, खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन साडेतीन हजार, वायरिंग आणि इलेक्ट्रिशियन पाच हजार.

बेरीज येते एक लाख दहा हजारांच्या आसपास. फोडल्यावर काहीतरी निघतंच: कुजलेला पाइप, पोकळ भिंत, शेजारच्या टॉयलेटपर्यंत गेलेली ओल. त्यासाठी दहा-पंधरा टक्के हाताशी ठेवले की आकडा सव्वा लाखाला टेकतो. हे भाव दुकानागणिक, गल्लीगणिक बदलतात. कमोड पाच हजारांतही येतो आणि पंचवीस हजारांतही. पण कामाचा सांगाडा बदलत नाही.

या हिशेबात नीट पाहिलं तर लक्षात येतं की फोडणं, पाइप, वॉटरप्रूफिंग, गिलावा, चिकटवण, टाइल्सची मजुरी आणि वायरिंग हे सगळं मिळून एकोणसाठ हजारांच्या पुढे जातं. निम्म्याहून जास्त रक्कम अशा गोष्टींवर जाते ज्या काम संपल्यावर डोळ्यांना दिसणारच नाहीत. आणि पैसे कमी पडू लागले की माणूस नेमकी तिथेच कात्री लावतो. टाइल ४५ ऐवजी ७० रुपयांची घेतली तर पाच हजार वाढतात. ते भागवायला, "वॉटरप्रूफिंगचं राहू द्या हो, सिमेंटमध्येच थोडं केमिकल टाका," असं मिस्त्रीला सांगितलं जातं. मिस्त्रीही वाद घालत नाही. दोन पावसाळ्यांनी खालच्या काकू पुन्हा दार वाजवतात आणि आठ हजार वाचवण्यापायी सव्वा लाखाचं काम परत फोडावं लागतं.

म्हणून वॉटरप्रूफिंगचं काम कसं होतं ते मालकाने स्वतः उभं राहून पाहिलं पाहिजे. जुना कोबा पूर्ण निघून स्लॅब उघडा व्हायला हवा. तो खरवडून, झाडून, धुऊन घ्यायचा. गळती बहुतेक वेळा सपाट जागेतून होत नाही. ती होते स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यांतून आणि स्लॅबमधून पाइप खाली उतरतो त्या भोकांतून. त्या भोकांभोवती आकुंचन न पावणारं ग्राउट भरायचं, कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई द्यायची. मग सिमेंट आणि पॉलिमरच्या मिश्रणाचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, आणि भिंतीवर किमान फूटभर वर चढवून. शॉवरच्या बाजूला तो लेप सहा फुटांपर्यंत न्यावा. लेप वाळला की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारायची आणि ४८ तास थांबायचं. रेघेखाली पाणी जरासं उतरलं तर ते वाफेने गेलं असेल. बरंच उतरलं तर वाट कुठेतरी राहिलीय. या दोन दिवसांत खालच्या घरात जाऊन छत पाहून यायला लाजू नये. ही परीक्षा पास झाल्याशिवाय एकही टाइल बसू द्यायची नाही. कारागीर म्हणतो, "दोन दिवस खाडा होतोय." होऊ द्यावा. त्या दोन दिवसांची हजेरी द्यावी लागली तरी सौदा स्वस्त आहे.

त्यानंतर येतो उतार. शंभर फुटांना एक फूट हा साधा हिशेब धरला, तर सात फूट लांबीच्या बाथरूममध्ये एका टोकापासून ट्रॅपपर्यंत पाऊण ते एक इंच उतार हवा. जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा थोडी खाली, दाराशी उंबरठ्याची पट्टी. चांगला गवंडी फरशी पक्की होण्याआधी गोटी सोडून किंवा तांब्याभर पाणी ओतून दाखवतो. पाणी कोपऱ्यात साचलं तर तेव्हाच फरशी उचलता येते. नंतर आयुष्यभर वायपर मारत बसावं लागतं.

टाइल्सबद्दल मात्र एक गोष्ट दुकानदार क्वचित सांगतात. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स पाणी शोषतात. लावण्याआधी त्या भिजत घालतात आणि सिमेंट त्यांना धरून ठेवतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटच्या नुसत्या लगद्याला तिला धरताच येत नाही. तिला चिकटवण्याचं केमिकलच लागतं. गावोगावी मोठ्या टाइल्सच्या मागे चार कोपऱ्यांना सिमेंटचे गोळे लावून त्या भिंतीवर दाबतात; मधली जागा पोकळ राहते, तिथे पाणी शिरतं आणि दोन वर्षांत टाइल फुगून सुटते. काम चालू असताना नाण्याने टाइलवर टकटक करून पाहावं. आवाज पोकळ आला तर तिथल्या तिथे काढून घ्यावी. नगरला येणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून ट्रकने येतात. एकाच डिझाइनच्या दोन खेपांच्या रंगात किंचित फरक असतो, म्हणून सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना हे उतरवून घेतानाच बघितलेलं बरं.

आता नगरचं खास दुखणं: पाणी. निजामशाहीत या शहराला कापूरवाडीसारख्या गावांकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणलं होतं. आज ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येतं. अनेक भागांत ते दिवसाआड येतं, त्यामुळे साठवण आलीच. खाली सिंटेक्स, वर गच्चीवर टाकी, आणि जोडीला बोअर.

या टाकीचा आणि बाथरूमच्या बजेटचा थेट संबंध आहे. पाण्याला दाब मिळतो तो उंचीमुळे. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण एक बार दाब देतं. एकमजली बंगल्यात गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम पाच-सहा फुटांचं अंतर असतं. म्हणजे दाब एक बारच्या पाचव्या भागाहूनही कमी. पुण्याच्या शोरूममध्ये पावसासारखा कोसळणारा बारा इंची शॉवर पाहून लोक तो आठ हजारांना आणतात. घरी तो नुसता ठिबकतो. त्याला बहुतेक अर्धा ते एक बार दाब लागतो. मग प्रेशर पंप आला. त्याचे सात ते पंधरा हजार, शिवाय त्याचा आवाज आणि वीज गेली की परत ठिबकणं. टाकीखाली चार-पाच फुटी चौथरा बांधणं आणि टाकीपासून मोठ्या व्यासाचा पाइप आणणं हा त्याहून शहाणपणाचा खर्च. तेवढं जमत नसेल तर साधा हातशॉवर आणि बादली यांनी आजवर कुणाचं अडलेलं नाही.

बोअरच्या पाण्याचं दुसरंच. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलेला. त्यातून झिरपणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात, जिथे पाटपाण्याने जमिनी चोपण झाल्या, तिथे क्षारही वाढलेले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगी धरतात. बाथरूमच्या नळांना तो आकडा कळत नाही, पण परिणाम दिसतो. शॉवरची भोकं बुजतात, गीझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो, काचेचं पार्टिशन महिनाभरात धुरकट होतं. सध्या काळ्या मॅट नळांची हौस आहे. कठीण पाण्याच्या घरात ती हौस न केलेली बरी. पांढरे डाग काळ्यावरच सर्वांत आधी उठून दिसतात. साध्या क्रोमचे, पितळी अंगाचे नळ टिकतात आणि त्यांचे सुटे भाग श्रीरामपूर-संगमनेरच्या दुकानांतही मिळतात. गीझर घेताना आतल्या टाकीला काचेचा मुलामा आहे का आणि मॅग्नेशियमची दांडी बदलता येते का, हे विचारावं. आणि डाग काढायला ॲसिड ओतायची सवय सोडावी. त्याने डाग जातात, पण सोबत नळाचा मुलामा आणि टाइल्सच्या सांधीतलं सिमेंटही जातं. तिथून गळतीला वाट मिळते.

पाण्याचाच विषय आहे तर फ्लशबद्दलही सांगायला हवं. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर पाणी ओततात. दोन बटणांच्या नव्या टाकीत तीन किंवा सहा लिटर लागतात. माणशी दिवसाला पाच वेळा धरलं, त्यातलं एकदा मोठं बटण आणि चारदा छोटं, तर चार माणसांच्या घरात रोजचे दोनशे लिटर बहात्तरवर येतात. ज्या जिल्ह्यात हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पाण्याचा ताळेबंद बनवतं, आणि त्याच जिल्ह्याच्या इतर वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे रोजचे सव्वाशे लिटर ही किरकोळ गोष्ट नाही. दोन बटणांच्या टाकीला फार तर हजारभर रुपये जास्त पडतात.

गीझरच्या बाबतीत मात्र पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. वीज जाते म्हणून आणि पाणी झटपट तापतं म्हणून अनेक घरांत गॅस गीझर बसवतात, तोही थेट बाथरूमच्या आत. बंद खोलीत गॅस जळताना ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि दार आतून बंद असतं. राज्यात अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गीझर बसवायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या बोळात बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. त्यासाठी लागणारे दीड-दोन हजारांचे पाइप आणि भिंतीतलं भोक हे या लेखातल्या सगळ्या खर्चांत सर्वांत जरुरीचं आहे. विजेच्या गीझरला वेगळी वायर, खरं अर्थिंग आणि गळता करंट ओळखून वीज तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा ब्रेकर हवाच. ऊन भरपूर आहे, स्वतःची गच्ची आहे, अशा घरांना सोलर परवडतो. पण त्याच्या काचनळ्यांतही कठीण पाण्याचा थर साचतो, हे ध्यानात ठेवायला हवं.

राहाता, कोपरगाव, नेवासा भागात उसाचं बिल आलं की घराच्या कामाला हात लागतो. तिथलं गणित थोडं निराळं. मळ्यातल्या वस्तीवर बाथरूम म्हणजे परवापर्यंत घराबाहेरची न्हाणी: चार शहाबादी फरशा, आडोसा, शेजारी बंब. ते आत आणायचं म्हटलं की बाथरूमच्या खर्चाबरोबर ड्रेनेज येतं. गावात गटार असलं तरी शौचालयाचं मैलापाणी त्यात सोडता येत नाही. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा लागतो. पाच-सहा माणसांच्या घरासाठी विटांची बांधीव किंवा तयार प्लास्टिकची टाकी, खोदाई आणि शोषखड्डा मिळून पंचवीस ते पन्नास हजार सहज वाढतात. तो खड्डा विहीर-बोअरपासून लांबच हवा, नाहीतर घरातलंच पाणी घरात परत येतं. काळ्या मातीत आणखी एक अडचण. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. भर घालून घाईने केलेल्या फरशीखाली पोकळी होते आणि पाइपाचे सांधे ताणून तुटतात. खाली मुरूम भरून, पाणी मारून, धुमसून मगच कोबा घालायला हवा.

या आकड्यांची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे, आणि स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी १२ हजार. म्हणजे सावेडीतल्या एका मध्यम बाथरूमच्या नूतनीकरणाइतक्या पैशांत पाथर्डी-जामखेडच्या एखाद्या कुटुंबाने अख्खं घर उभं करावं, अशी अपेक्षा आहे. अशा घरांत १२ हजारांच्या शौचालयाला दोन खड्डे, पाण्याची टाकी आणि नीट दार बसवायचं तर पदरचे पैसे घालावेच लागतात. पाण्याची सोय नसेल तर ती खोली सरपण ठेवायला वापरली जाते, आणि त्यात दोष त्या कुटुंबाचा नसतो.

जुन्या नगरात, माळीवाडा-चितळे रस्त्याच्या आसपास उरलेल्या वाड्यांत काम करताना हिशेबाआधी धीर लागतो. माती-दगडाच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर धाबं. वरच्या मजल्यावर आधुनिक बाथरूम काढायची इच्छा समजण्यासारखी आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना रात्री जिना उतरायला नको वाटतं. पण कोबा, विटा आणि टाइल्सचं वजन तुळयांवर पडतं आणि थोडी जरी गळती झाली तर लाकूड आतून कुजतं, बाहेरून कळतही नाही. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात घालू नये. शक्य असेल तर बाथरूम तळमजल्यावर, मागच्या चौकात काढावं.

म्हाताऱ्यांचा विषय इथे थोडा ताणायला हवा, कारण बहुतेक घरं बाथरूम नवं करतात ते आई-वडिलांचे गुडघे दुखू लागल्यावरच. अपघाती मृत्यूंच्या जागतिक कारणांत पडणं हे दुसऱ्या क्रमांकावर असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ओली गुळगुळीत फरशी ही पडण्याची हक्काची जागा. जमिनीला मॅट, पायाला धरणारी टाइल घ्यावी. भिंतीला चकचकीत चालेल. कमोडशेजारी आणि शॉवरजवळ स्टीलचे दांडे बसवावेत. एकेक दांडा पाचशे ते दीड हजारांत मिळतो. मात्र तो टाइलला नव्हे, तर विटेच्या भिंतीत खोल पकडला पाहिजे, म्हणून जागा आधी ठरवावी. दार बाहेर उघडणारं असावं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं. अडीच फुटांच्या दारातून व्हीलचेअर सहज जात नाही. चौकट बदलतच आहात तर तीन फुटांची करा. या सगळ्याला मिळून पाच हजारही वाढत नाहीत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी कायद्याच्या दोन गोष्टी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. टॉयलेट, सिंक यांतून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी संस्थेच्या विचाराने सोसायचा असतो. म्हणून फोडण्याआधी सेक्रेटरींना पत्र द्यावं आणि गळती सामाईक पाइपातून तर नाही ना, हे आधी तपासून घ्यावं. ज्यांना ताबा मिळून पाच वर्षं झालेली नाहीत, त्यांनी तर स्वतःच्या खिशात हात घालण्याआधी बिल्डरला लेखी कळवावं. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष निघाला तर विकासकाने तो तीस दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. अनेक जण हे माहीत नसल्यामुळे स्वतःच्या पैशांनी फोडतात, आणि एकदा फोडलं की दोष कुणाचा हे सिद्ध करणं अवघड होतं.

जीएसटीबद्दलही विचारणा होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण एका बाथरूमला सहा-आठ गोण्याच लागतात, त्यामुळे बचत होते ती दोनशे-अडीचशे रुपयांची. टाइल्स आणि सॅनिटरीवेअरवर १८ टक्के आहेच. "बिल नको असेल तर स्वस्तात देतो," हे वाक्य काउंटरवर ऐकू येतं. नळ, गीझर, कमोडची टाकी यांच्या वॉरंटीला पक्कं बिल लागतं, एवढं लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून येणारे आकडे ऐकून इथली मंडळी चकित होतात. तिथे मध्यम प्रतीच्या बाथरूमचं नूतनीकरण पंचवीस हजार डॉलरच्या घरात जातं. त्यातला मोठा वाटा मजुरीचा असतो. आपल्याकडे उलट, वस्तू महाग, माणसाचे हात स्वस्त. म्हणूनच इथे चांगल्या कारागिराला चौरस फुटामागे दहा रुपये जास्त देणं परवडतं. १८५ चौरस फुटांना ते १,८५० रुपये होतात, एका बऱ्या नळाची किंमत.

काम उक्तं द्यायचं की रोजंदारीवर? उक्त्या कामात आकडा ठरलेला असतो, पण घाई होते. रोजंदारीत काम नीट होतं, पण लांबतं. बहुतेकांना मधला मार्ग सोयीचा पडतो: मजुरी उक्ती, सामान मालकाचं. कागदावर मात्र सगळं यावं: वॉटरप्रूफिंग कशाचं, किती हात, पाणी किती तास भरून ठेवायचं, राडारोडा कोण उचलणार. फोडण्यापासून नळ सुरू होईपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात. घरात एकच बाथरूम असेल तर तेवढ्या दिवसांची सोय आधी लावावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: सुरुवातीला इसार, पाइप पूर्ण झाल्यावर दुसरा हप्ता, पाण्याची परीक्षा झाल्यावर तिसरा. शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस बाथरूम वापरून पाहिल्यावर.

पाइप भिंतीत गाडले जाण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी आरसा टांगायला किंवा दांडा बसवायला ड्रिल मारायचं झालं, तर गरम पाण्याचा पाइप नेमका कुठून गेलाय हे त्या फोटोतच सापडेल. उरलेल्या पाच-सहा टाइल्स माळ्यावर ठेवाव्यात आणि पेटीवरचा बॅच नंबर बिलाच्या मागे लिहून ठेवावा.